पाण्याखालची हिरवळ
मत्स्यालयात वनस्पतींचा गालिचा कसा फुलवावा?

घरात मत्स्यालय ठेवण्याची आवड मुंबई परिसराला नवी नाही. मरिन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना या छंदाची ओळख करून दिली आणि महात्मा फुले मंडईतील दुकानांनी तो घरोघरी पोहोचवला. मात्र रंगीत खडी, प्लास्टिकची झाडे आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, एवढ्यावरच बहुतेकांची हौस थांबत असे. आता चित्र बदलले आहे. वसई, नालासोपारा, विरार येथील सदनिकांमध्येही जिवंत वनस्पतींची मत्स्यालये दिसू लागली आहेत. त्यातही काचेलगतच्या पुढच्या भागात पसरलेली दोन-तीन सेंटिमीटर उंचीची दाट हिरवळ पाहणाऱ्याची नजर खिळवून ठेवते. ही हिरवळ उगवते कशी, ती अनेकदा महिनाभरात पिवळी का पडते आणि वसईच्या पाण्यात व हवेत तिचे कसे जमवावे, याची माहिती येथे घेऊ.

गालिच्याची कल्पना

उंच झाडे मागे, मध्यम झाडे मध्ये आणि बुटकी झाडे पुढे, ही मांडणी बागकामातून मत्स्यालयात आली. पुढच्या भागात जमिनीलगत आडव्या पसरणाऱ्या वनस्पतींना गालिचा वनस्पती म्हणतात. त्यांचे धावते खोड तळावरून सरकत जाते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते आणि तेथून नवी पालवी फुटते. अंगणातील हरळी जशी पसरते, तसाच हा प्रकार होय.

या शैलीला जगभर लोकप्रिय करण्याचे श्रेय जपानमधील निगाता येथील छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांना दिले जाते. त्यांनी १९८२ मध्ये 'अ‍ॅक्वा डिझाइन अमानो' ही संस्था स्थापन केली. १९९० च्या दशकात 'नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड' या त्यांच्या ग्रंथांनी डोंगर, कुरण, नदीकाठ अशी निसर्गदृश्ये काचेच्या पेटीत उभी करण्याची दृष्टी दिली. त्या दृश्यातील कुरण म्हणजेच आपला गालिचा. लिस्बन येथील मत्स्यालयात २०१५ मध्ये खुली झालेली ४० मीटर लांबीची वनस्पती-टाकी ही त्यांची अखेरची मोठी निर्मिती.

कोणती वनस्पती निवडावी?

नवशिक्यांची पहिली चूक निवडीत होते. छायाचित्रातील सर्वांत बारीक पानांची वनस्पती आणली जाते आणि ती सर्वांत हट्टी निघते. म्हणून सोप्याकडून अवघडाकडे जावे.

सॅजिटेरिया सुब्युलाटा आणि हेलान्थियम टेनेलम या गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पती बेताच्या प्रकाशातही पसरतात. बुटक्या सॅजिटेरियाची पाने काही वेळा अपेक्षेपेक्षा उंच वाढतात, पण ती सहसा मरत नाही. मार्सिलिया ही नेचेवर्गीय वनस्पती असून तिचे भाऊबंद आपल्याकडे भातखाचरांत आणि डबक्यांच्या काठी चार पाकळ्यांच्या पानांनी ओळखू येतात. पाण्याखाली मात्र तिची पाने रूप बदलतात आणि अनेकदा एकाच पाकळीची येतात. ती सावकाश वाढते, पण टिकाऊ आहे. श्रीलंकेतील क्रिप्टोकोरीन पार्वा ही त्या कुळातील सर्वांत बुटकी वनस्पती. गालिचा व्हायला तिला वर्षही लागू शकते, मात्र एकदा रुजल्यावर छाटणीची कटकट जवळजवळ नाही.

मधल्या पायरीवर ड्वार्फ हेअरग्रास, म्हणजे इलिओकॅरिस, येते. लव्हाळ्याच्या कुळातील ही वनस्पती खऱ्या लॉनसारखी दिसते. याच पायरीवर अर्जेंटिनातून आलेली मोंटे कार्लो आणि ब्राझीलमधील स्टॉरोजिन रेपेन्स यांचा समावेश करता येईल. आपल्या परिसरासाठी मोंटे कार्लो हा समतोल पर्याय आहे. तिला बऱ्यापैकी प्रकाश आणि कर्बवायू लागतो, पण थोडी हयगय ती सोसते.

शेवटची पायरी ग्लॉसोस्टिग्मा आणि हेमिअँथस 'क्यूबा' यांची. 'क्यूबा'ची पाने मोहरीच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसतात. भरपूर प्रकाश, भरपूर कर्बवायू आणि थंड पाणी यांपैकी एक जरी कमी पडले तरी ती तळापासून सुटून वर तरंगू लागते. अशीच नाजूक युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलिया भारतासह दक्षिण आशियात आढळते. कास पठारावरील 'सीतेची आसवे' हे निळे-जांभळे फूल तिच्याच कुळातील. हे कुळ कीटकभक्षी असून कमी पोषणाच्या, मऊ पाण्याच्या जागी वाढते. म्हणूनच टाकीत खताचा मारा केला की ही वनस्पती कुजते.

वसईचे पाणी

वनस्पतीइतकाच पाण्याचा विचार महत्त्वाचा. वसई-विरारमध्ये एकाच इमारतीत तीन प्रकारचे पाणी येऊ शकते : सूर्या, उसगाव, पेल्हार येथील धरणांचे नळाचे पाणी, कूपनलिकेचे पाणी आणि टँकरचे पाणी. या तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

धरणाचे पाणी मूलतः पावसाचे असल्याने सहसा मऊ असते, पण त्यात जंतुनाशक क्लोरीन असते. उघड्या बादलीत ते २४ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरील प्रमाणात टाकावे. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसले तरी चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, भांड्यावर पांढरे डाग पडत असतील, तर पाणी कठीण समजावे. किनाऱ्यालगतच्या भागात याहून मोठा प्रश्न मचूळपणाचा. गोड्या पाण्यातील बहुतेक गालिचा वनस्पतींना मीठ सोसत नाही. अशा पाण्यात पानांच्या कडा करपतात आणि खत वाढवून काहीही साधत नाही.

टँकरचे पाणी दर खेपेस वेगळ्या विहिरीचे असू शकते. त्यामुळे क्षारमापक असल्यास प्रत्येक वेळी नोंद करावी. नसल्यास टाकीतील पाणी एका वेळी थोडेच बदलावे, म्हणजे झाडांना व माशांना धक्का बसणार नाही.

पाणी कठीण असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, पावसाळ्यातील सुरुवातीच्या काही सरी वाया जाऊ देऊन नंतर गच्चीवर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी निम्मे-निम्मे मिसळणे. यात क्षार जवळपास अर्ध्यावर येतात. दुसरा, कठीण पाण्यात तगणारी सॅजिटेरिया किंवा हेअरग्रास निवडणे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

तळ : माती की रेती?

गालिचा वनस्पतींची मुळे उथळ व केसासारखी असतात. जाड खडीत ती धरत नाहीत. तळाचे कण एक ते तीन मिलिमीटरचे असावेत. बाजारात मिळणारी भाजलेल्या मातीची दाणेदार 'अ‍ॅक्वासॉइल' सर्वांत सोयीची. ती पोषणद्रव्ये धरून ठेवते आणि पाण्याचा सामू किंचित आम्लधर्मी ठेवते. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळावर सरासरी पाच सेंटिमीटरचा थर देण्यासाठी नऊ लिटर माती लागते. पुढे तीन आणि मागे सात सेंटिमीटर असा उतार दिल्यास खोलीचा आभास निर्माण होतो.

खर्च टाळायचा असेल तर बागेतील चाळलेली, खत न घातलेली माती दोन-अडीच सेंटिमीटर पसरून तिच्यावर तेवढीच बारीक, धुतलेली रेती घालावी. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मधील आपल्या पुस्तकात मातीच्या तळाची ही पद्धत सविस्तर मांडली आहे. ताजे शेणखत किंवा गांडूळखत तळात घालण्याचा मोह टाळावा. त्यातून अमोनिया सुटतो, शेवाळ माजते आणि मासे दगावतात.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव हे किनारे जवळ असल्याने तेथील वाळू आणण्याचे अनेकांच्या मनात येते. ती आणू नये. त्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपले म्हणजे चुनाच. कोणत्याही रेतीवर अथवा दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. फसफसून बुडबुडे आले तर ती वस्तू पाणी कठीण करणार हे निश्चित. सह्याद्रीचा काळा पाषाण बहुधा या परीक्षेत उत्तीर्ण होतो, मात्र तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, तेथून दगड उचलू नयेत.

लावणी

भाताची लावणी पाहिलेल्यास हे काम चटकन समजेल. कुंडीतील अख्खे रोप तसेच रोवले तर ते एकाच जागी गोळा होऊन बसते. त्याच्या चार-पाच काड्यांच्या लहान जुड्या कराव्यात. पोषक जेलीमध्ये वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपे घेतल्यास ती जेली वाहत्या पाण्याखाली पूर्ण धुऊन टाकावी. अशा रोपांसोबत गोगलगाय वा शेवाळ येत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

टाकीत तळ भिजेल एवढेच पाणी घ्यावे, लांब चिमट्याने जुडी धरून तिरकी खुपसावी आणि चिमटा हळूच सैल करून मागे घ्यावा. पानांची टोके तेवढी वर राहावीत. दोन जुड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर अंतर ठेवावे. पूर्ण लावणीनंतर तळावर प्लास्टिकचा कागद किंवा बशी ठेवून तिच्यावर सावकाश पाणी सोडावे. घाईने ओतलेली एक बादली दोन तासांची लावणी उखडून टाकते.

रोपवाटिकेतील बहुतेक रोपे हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची जुनी पाने गळतात व पाण्याला साजेशी नवी पाने येतात. या काळात झाड मेले असे समजून उपटू नये. सडलेली पाने तेवढी काढावीत.

पावसाळ्यातील कोरडी सुरुवात

यावर एक तोडगा म्हणजे 'ड्राय स्टार्ट', अर्थात पाणी न भरता केलेली सुरुवात. तळ चिखल न होईल इतपत ओला ठेवून लावणी करावी, टाकीचे तोंड पातळ प्लास्टिकने झाकावे आणि रोज आठ ते दहा तास दिवा लावावा. झाडे हवेतला कर्बवायू घेतात आणि आतील दमट हवेत झपाट्याने पसरतात. रोज पाच मिनिटे झाकण उघडून हवा बदलावी, अन्यथा बुरशी येते. सहा ते आठ आठवड्यांत मुळे पक्की धरली की पाणी भरावे. मोंटे कार्लो, हेअरग्रास, 'क्यूबा' यांना ही पद्धत मानवते.

कोकण किनारपट्टीवर या सुरुवातीस जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हवेत मुळातच ओलावा असतो, तापमान खाली आलेले असते आणि वीज काही तास गेली तरी टाकीत मासे नसल्याने बिघडत काही नाही. गणपतीच्या सुमारास पाणी भरल्यास उन्हाळ्यापूर्वी गालिचा जमायला पुरेसे महिने मिळतात.

प्रकाश, कर्बवायू आणि खत

या तीन गोष्टी तिपाईच्या तीन पायांसारख्या आहेत. एक पाय लांब केला आणि बाकीचे तसेच ठेवले तर तिपाई कलंडते. मत्स्यालयात हे कलंडणे म्हणजे शेवाळ.

६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६५ लिटर पाणी मावते. मध्यम गालिच्यासाठी दर लिटरला साधारण ३० ल्युमेन, म्हणजे २,००० ल्युमेनच्या आसपासचा, सुमारे २० वॅटचा एलईडी दिवा पुरतो. सुरुवातीस सहा तास आणि महिन्यानंतर आठ तास प्रकाश द्यावा. खिडकीतील थेट ऊन मात्र टाळावे. २० वॅटचा दिवा आठ तास आणि दहा वॅटचा फिल्टर दिवसभर चालला तर महिन्याला साधारण १२ युनिट वीज लागते.

प्रकाश कमी असेल तर झाडे आडवी पसरण्याऐवजी उंच होतात. प्रकाश भरपूर असून कर्बवायू कमी असेल तर वाढ खुंटते. हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी कर्बवायू विरघळलेला असतो, तर दाट गालिच्यासाठी २० ते ३० मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवतात. शिवाय पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. म्हणून तळापर्यंत पाण्याचा मंद प्रवाह पोहोचणे आवश्यक आहे.

लहान टाकीला साखर व यीस्टची बाटली चालते, पण तिचा पुरवठा कमी-जास्त होतो. नियंत्रकासह सिलिंडर महाग असला तरी भरवशाचा. दिवा लागण्यापूर्वी तासभर वायू सुरू करावा आणि दिव्यासोबत बंद करावा. रात्री झाडेही प्राणवायू घेतात, त्या वेळी कर्बवायू सोडणे माशांच्या जिवावर बेतते. वायूचे प्रमाण दाखवणाऱ्या 'ड्रॉप चेकर'मधील द्रव निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर योग्य आणि पिवळा असेल तर धोक्याचा समजावा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर रंग न पाहता वायू बंद करून हवेचा पंप लावावा.

शेतीप्रमाणेच येथेही नत्र, स्फुरद, पालाश आणि लोहादी सूक्ष्मद्रव्ये लागतात. लक्षणे वाचता आली तर अर्धे काम होते. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी, जुन्या पानांवर बारीक छिद्रे पडली तर पालाश कमी आणि नवी पालवीच फिकट निघाली तर लोह कमी, असा ढोबळ नियम आहे. बाटलीवरील मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी.

छाटणी आणि शेवाळ

गालिचा छान जमला की त्याला हात लावावासा वाटत नाही आणि नेमके तेथेच तो बिघडतो. थर जाड झाला की खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही, ती कुजतात आणि एके दिवशी अख्खी चादर सुटून वर येते. म्हणून तीन-चार सेंटिमीटर उंची होताच वाकड्या कात्रीने निम्मी छाटावी. छाटलेले तुकडे जाळीने गोळा करावेत. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. बदामी रंगाचे शेवाळ नव्या टाकीत येतेच व बहुधा आपोआप ओसरते. हिरवे तंतू वाढले तर आधी दिव्याचे तास कमी करावेत, औषधाकडे शेवटी वळावे.

अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडू नयेत. पुढेही गोल्डफिश व मोठे सिक्लिड टाळावेत, ते तळ उकरतात. निऑन टेट्रा, रासबोरा, लहान झिंगे हे गालिच्याचे चांगले शेजारी. त्यातही झिंगे शेवाळ वेचून खातात.

उन्हाळ्याची कसोटी

एप्रिल-मेमध्ये खोलीतील पाणी ३० अंशांच्या वर जाते, तर बहुतेक गालिचा वनस्पतींना २२ ते २६ अंश मानवतात. २० अंशांच्या तुलनेत ३० अंशांच्या पाण्यात कर्बवायूची विद्राव्यता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. प्राणवायूही नऊ मिलिग्रॅमवरून साडेसातच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी झाडांचा व माशांचा श्वसनवेग वाढलेला असतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. दमट हवेत हा परिणाम थोडा कमी मिळतो. दिवा दुपारऐवजी संध्याकाळी लावावा, खत व छाटणी कमी करावी. वीज गेल्यास बॅटरीवरील हवेचा पंप हाताशी असावा.

टाकीबाहेरची जबाबदारी

या छंदाची एक बाजू घराबाहेर पोहोचते. छाटलेल्या फांद्या, नकोसे झालेले मासे तलावात 'सोडून देण्याची' पद्धत दयाळू वाटली तरी घातक आहे. शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने महाराष्ट्रातील नद्यांची काय अवस्था केली, हे आपण पाहतोच. साल्व्हिनिया आणि कॅबोंबा या मूळच्या अमेरिका खंडातील वनस्पतींनी केरळातील पाणथळे व्यापली. काच साफ करणारा 'सकर' मासाही अनेक राज्यांतील नैसर्गिक जलाशयांत पोहोचला आहे. निर्मळचा विमल तलाव, सोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव, पापडी तलाव ही वसईची ठेव आहे. छाटलेला भाग उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतील खतात घालावा, मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत. त्याचप्रमाणे सह्याद्रीच्या सड्यांवरील व ओढ्यांतील दुर्मीळ वनस्पती टाकीसाठी उपटू नयेत. रोपवाटिकेतील रोपेच विकत घ्यावीत.

पाण्याचेही तसेच. वसईच्या विहिरींतून होणाऱ्या बेसुमार उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठवला होता. केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या ज्या गोड्या पाण्यावर उभ्या राहिल्या, त्याचे मोल या परिसराला वेगळे सांगावे लागत नाही. आठवड्याला बदलली जाणारी बादलीभर पाणी मोरीत ओतू नये. त्यात नत्र व स्फुरद विरघळलेले असते. तुळस, मोगरा, अळू यांच्या कुंड्यांना ते दिल्यास वेगळे खत कमी लागते. टाकी जितकी लहान, तितके पाणी कमी. नवशिक्याने ४० ते ६५ लिटरपलीकडे जाऊ नये, हे खिशासाठीही हिताचे आहे.

पाण्याखालचा गालिचा तीन-चार महिन्यांचा धीर मागतो. आपल्या नळाला कोणते पाणी येते हे आधी तपासावे, त्या पाण्याला मानवेल अशी एकच वनस्पती निवडावी आणि प्रकाश, वायू, खत यांत एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे वाट पाहावी. एवढी शिस्त पाळली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिवाणखान्यातल्या त्या काचेमागे वाऱ्याशिवाय डुलणारे एक छोटेसे कुरण तयार झालेले असेल.